हार्लेमचं टेन बूम घर: आईला घेऊन गेले होते, सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो जिन्यांचा, आणि जिने काही म्युझियमवाल्यांनी बांधले नाहीत, घरच फार जुनं, त्यामुळे तोही कापायला नको खरं तर, पण गुडघेदुखीवाल्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं म्हणून कापलाय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. हार्लेम म्हणजे ॲमस्टरडॅमच्या पश्चिमेला ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवरचं शहर. तिथे बार्टेलयोरिसस्ट्राट नावाचा रस्ता आहे, ऐन बाजारपेठेतला, आणि त्यात १९ नंबरला टेन बूम घराण्याचं घड्याळांचं दुकान होतं, १८३७ पासूनचं. खाली दुकान, वर घर, आपल्या पेठांमधून असायचं तसं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हॉलंड घेतल्यावर या घरातल्या लोकांनी ज्यूंना लपवून ठेवलं, २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली आणि घरचे सगळे पकडले गेले. म्हातारे वडील कास्पर आणि थोरली मुलगी बेट्सी कैदेत गेले ते परत आलेच नाहीत. धाकटी कोरी परत आली आणि पुढे म्हातारी होईपर्यंत देशोदेशी हेच सांगत फिरली. १९८८ पासून ते घर म्युझियम आहे. खाली आजही घड्याळं-दागिन्यांचंच दुकान आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा माणूस दुकानासमोर उभा राहून "म्युझियम कुठंय" विचारतो. बाजूच्या बोळात जायचं, दार तिकडे आहे.

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतल्या मुलांना कोरी टेन बूम हे नाव संडे स्कूलपासून माहीत असतं, आणि माहीत असतं म्हणजे फक्त पिसवांची गोष्ट माहीत असते. ती खाली येईलच. मी इथे ॲमस्टरडॅमजवळ ॲम्स्टलव्हेनला राहते, आई नगरहून आली होती (अहिल्यानगर म्हण म्हटलं तरी ती नगरच म्हणते), आणि तिला ट्युलिप, पवनचक्क्या, कालव्यातली बोट यातलं काही नको होतं, पहिल्याच आठवड्यात म्हणाली "ते कोरीचं घर जवळच आहे ना गं, तिथे ने." आमच्या नगरच्या महिला मंडळात तिने ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितलीय म्हणे, आणि घर न बघता सांगितली याचंच तिला वाईट वाटत होतं.

बुकिंग ऑनलाइन करायचं आणि आधीच करायचं, कारण छोट्या छोट्या ग्रुपला गाइडबरोबरच आत सोडतात, असंच उठून गेलात तर परत यायची तयारी ठेवा. रविवार-सोमवार बंद असतं. टूर डच किंवा इंग्रजीत, बुक करताना नीट बघून घ्या, नाहीतर तासभर डच ऐकत बसाल. तिकीट असं काही नव्हतं, देणगीची पेटी आहे, द्यायचं तेवढं द्या, पण वेळा आणि पैशांचं जायच्या आधी साइटवर एकदा बघाच, अशा गोष्टी बदलत असतात.

आता टूर. सुरुवात वरच्या दिवाणखान्यात होते, सगळ्यांना खुर्च्यांवर बसवतात आणि गाइड गोष्ट सांगतात. आम्हाला एक वयस्कर काका मिळाले, स्वयंसेवक, इतकं सावकाश आणि स्वच्छ इंग्रजी बोलत होते की आईला मी फारसं काही भाषांतर करून सांगावंच लागलं नाही. त्यांनी युद्धापासून सुरुवात केलीच नाही, त्यांनी सुरुवात केली १८४४ पासून. कोरीच्या आजोबांनी, विलेम त्यांचं नाव, त्या वर्षी या घरात ज्यू लोकांसाठी प्रार्थनेची बैठक सुरू केली. आणि धाड पडली १९४४ ला, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, त्याच घरात, त्याच लोकांपायी. काका हे सांगून एवढुसे थांबले आणि पुढे गेले, भाष्य वगैरे काही नाही, मला ते फार आवडलं. आपल्याकडे एखाद्या पाळकसाहेबांच्या हाती ही तारीख लागली असती तर अर्धा तास गेला असता.

घरातली माणसं कशी होती हे त्यांनी वेळ देऊन सांगितलं आणि माझ्या मते टूरचा खरा माल तिथे आहे. कास्पर रोज सकाळी साडेआठला घरातल्यांना आणि दुकानातल्या कामगारांना एकत्र बसवून बायबल वाचायचे. रात्री परत. धंद्याच्या बाबतीत मात्र अगदीच भोळे, घड्याळ दुरुस्त करण्यात इतके रमायचे की बिल पाठवायचं विसरायचे. कोरीच्या आईला स्ट्रोक झाला, नंतर तिला तीनच शब्द बोलता यायचे, हो, नाही आणि कोरी, आणि तशातही ती खिडकीत बसून रस्त्यावर कोण ओळखीचं दिसतं ते बघायची, कुणाचा वाढदिवस जवळ आलाय हे तिच्या डोक्यात असायचं, मग हो-नाही करत करत कोरीकडून त्या माणसाला चिठ्ठी लिहून घ्यायची. बेट्सीला जन्मापासून रक्ताचा आजार, पर्निशस ॲनिमिया, त्यामुळे लग्न नाही, मूल नाही. आधी दुकानाचे हिशेब बेट्सी बघायची आणि स्वयंपाकघर कोरी, मग एकदा बेट्सी आजारी पडली म्हणून कामांची अदलाबदल केली तर दोघींच्या लक्षात आलं की अरे हेच बरोबर आहे! बेट्सीच्या हाताला चव, आणि कोरी घड्याळाच्या कामात अशी रमली की पुढे लायसन्स मिळालेली हॉलंडमधली पहिली बाई घड्याळजी झाली.

आई मध्येच माझ्या कानात म्हणाली, "हे बघ, हे सगळं युद्धाच्या आधीचं आहे." मला तेव्हा कळलं नाही ती असं का म्हणाली.

मग जिना. जिना म्हणजे काय सांगू, अरुंद, वळणाचा आणि उभा, शिडीच म्हणा. व्हीलचेअर अजिबात शक्य नाही. आई प्रत्येक पायरीवर "प्रभू येशू" म्हणत चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली की दम्याची म्हातारी इथून कशी पळाली असेल गं. कारण तेच काकांनी खाली सांगितलं होतं. लपायला आलेल्यांत एक वयस्कर ज्यू बाई होत्या, त्यांना दमा होता, श्वासाची घरघर ऐकू यायची, म्हणजे त्या सगळ्यांनाच पकडून देऊ शकत होत्या. दुसरं कुठलं घर त्यांना घ्यायला तयार नव्हतं. तर या घरात आधीपासून लपलेल्या लोकांना विचारलं, मतं घेतली आणि सगळ्यांनी ठेवून घ्या म्हटलं. ज्यांचा जीव जाणार होता त्यांनी!

लपायची जागा कोरीच्या खोलीत, अगदी वरच्या मजल्यावर. खोलीच्या टोकाला एक खोटी भिंत बांधलेली, लाकडाची नाही, विटांची, म्हणजे ठोकून बघितलं तर पोकळ आवाज येऊ नये. त्या विटा घड्याळाच्या पेट्यांतून, बॅगांतून थोड्या थोड्या करून वर आणल्या, शेजाऱ्यांना संशय नको म्हणून. भिंतीमागे खोली जेमतेम अडीच फूट. आत जायचं दार म्हणजे कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, त्याची मागची फळी सरकायची, तिथून पोटावर सरपटत आत. घरात बझर बसवले होते, तो वाजला की सगळ्यांनी आपापली ताटं, कपडे, चष्मे उचलून आत जायचं, गाद्यासुद्धा उलट्या करायच्या, कारण नुकतंच कुणी झोपलेलं असेल तर गादी गरम लागते आणि तपासणारा हात लावून बघतो. त्याची सारखी प्रॅक्टिस चालायची आणि करत करत दीड मिनिटाच्या आत आले होते. धाड पडली तेव्हा सहा जण त्या फटीत गेले आणि ४७ तास आत उभे-बसे राहिले, पाणी नाही, संडास नाही, बाहेर पहारा. सहाच्या सहा सापडले नाहीत. मग जर्मनांना छुपा प्रतिकार करणाऱ्यांतल्याच डच पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं.

आता आत काय आहे ते दिसावं म्हणून त्या भिंतीला मोठं भोक पाडून ठेवलंय. इथे माझी तक्रार आहे आणि ती आपल्यावर, बघायला येणाऱ्यांवर आहे. सगळ्यांना त्या भोकात घुसून फोटो हवा असतो. एक दात काढून, एक अंगठा दाखवून. खाली दिवाणखान्यात जे मोबाइल खिशात होते ते इथे सगळे बाहेर. लहान मुलांचं मी समजू शकते, मोठ्यांनी तरी हसू नये. आणि फोटोच्या नादात बाकीचं घर बघायला वेळ राहत नाही, जेवणघर तर लोक जाता जाता बघतात.

माझ्या मते जेवणघरातच थांबायला हवं. खिडकीत अल्पिना घड्याळांच्या जाहिरातीची तिकोनी पाटी ठेवायचे, पाटी दिसली म्हणजे घर सुरक्षित, या. धाडीच्या वेळी बेट्सीने ती पाडली आणि पोलिसांच्या लक्षात आलं, त्यांनी ती परत जागेवर लावली आणि बसून राहिले. दिवसभर माणसं पाटी बघून आत येत राहिली आणि पकडली जात राहिली, तीसच्या वर लोक. मुळात पकडून कुणी दिलं, तर सकाळी एक डच माणूस आला, माझ्या बायकोला सोडवायचंय, पोलिसाला द्यायला ६०० गिल्डर हवेत म्हणाला, कोरी तापाने अंथरुणावर होती तरी उठून हो म्हणाली. तोच खबऱ्या होता. कोरीला पुढे कितीतरी दिवस त्या माणसाचा राग जाळत होता, बेट्सी मात्र त्याच्यासाठी प्रार्थना करायची.

हे टेबल, हे बिछाने, हे रोजचं वाचन बघितल्यावर मला पिसवांची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी सांगते कारण आपण ती चुकीच्या जागी हसून संपवतो. कास्पर ८४ वर्षांचे, त्यांना हेगच्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, ऑफिसात अधिकारी म्हणाला म्हातारबाबा घरी जा, फक्त परत असं करू नका. ते म्हणाले आज घरी गेलो तर उद्या गरजवंत कुणीही आला तरी दार उघडणार. दहा दिवसांत तुरुंगातच वारले. बहिणी आधी स्केव्हेनिंगेनच्या तुरुंगात, मग व्हुख्टच्या छावणीत, तिथून सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीत रावेन्सब्रुकला, बायकांची छळछावणी. स्केव्हेनिंगेनला कोरी एकटी कोठडीत होती तेव्हा घरून दुसऱ्या एका बहिणीचं पत्र आलं, पाकिटावरचा पत्ता जरा तिरका लिहिलेला, स्टॅम्पकडे जाणारा. तिने स्टॅम्प सोलून काढला तर खाली बारीक अक्षरात निरोप की तुझ्या कपाटातली सगळी घड्याळं सुरक्षित आहेत. घड्याळं म्हणजे ते सहा लोक! काकांनी हे सांगितलं तेव्हा आईने टाळ्याच वाजवल्या, बाकीचे बघायला लागले, मला लाज वाटली आणि मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

रावेन्सब्रुकला २८ नंबरच्या बराकीत टाकलं. चारशे बायकांसाठी बांधलेली, आत चौदाशे. झोपायला फळ्यांचे मजले, त्यावर सडका पेंढा, आणि पेंढ्यात पिसवा. कोरी किंचाळली, इथे जगायचं कसं. बेट्सी म्हणाली सकाळीच वाचलं की आपण, थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." आणि तिने एकेक करून सुरू केलं, आपण दोघी एकत्र आहोत म्हणून, तपासणीत बायबल सापडलं नाही म्हणून, इतकी गर्दी आहे म्हणजे इतक्या बायका ऐकतील म्हणून, आणि पिसवांसाठी. तिथे कोरी अडली. पिसवांसाठी आभार मानायला मला देवसुद्धा लावू शकत नाही, असं ती म्हणाली, आणि बेट्सी पुन्हा तेच वचन म्हणाली, यात चांगली स्थिती असं लिहिलेलं नाही, सर्व स्थिती लिहिलंय.

पुढे त्या बराकीत रात्री बायबल वाचायच्या, डचमधून जर्मन करायच्या, मग मागे कुणी फ्रेंचमध्ये, कुणी पोलिशमध्ये, कुणी रशियनमध्ये सांगत जायचं. आणि पहारेकरी आत येत नाहीत याचं नवल वाटायचं. मग एक दिवस बेट्सीला कळलं. ती अशक्त म्हणून मोजे विणायच्या गटात होती, मोज्याच्या मापावरून काही गोंधळ झाला म्हणून सुपरवायझर बाईला आत बोलावलं तर ती म्हणाली मी नाही येणार, आत पिसवा भरल्यात.

आपण गोष्ट इथे थांबवतो. मी संडे स्कूलमध्ये शिकवलीये तेव्हा इथेच थांबवलीये, मुलं हसतात, बघा पिसवांचाही उपयोग झाला, झालं. पण १६ डिसेंबर १९४४ ला बेट्सी तिथेच वारली. ५९ वर्षांची. विलेम, या बहिणींचा भाऊ (आजोबांच्याच नावाचा), तुरुंगातून क्षय घेऊन आला आणि १९४६ ला गेला. त्याचा तरुण मुलगा किक बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत वारला. त्यांच्या पिसवांचं कारण कुणाला कळलेलं नाही. आणि बेट्सीने आभार मानले तेव्हा तिला तरी कुठे कळलं होतं, कारण नंतर आलं, न येताही राहिलं असतं. हे मी इतकी वर्षं शिकवताना सोडूनच दिलं होतं की तिचे आभार कारणाच्या आधीचे आहेत.

कोरी सुटली डिसेंबरच्या शेवटाला, ऑफिसातल्या कुणाच्या तरी कागदाच्या चुकीमुळे, आणि तिला नंतर समजलं की तिच्या वयाच्या बायकांना आठवडाभरात मारून टाकलं. बेट्सी मरायच्या आधी सारखी सांगायची की युद्धानंतर आपण एक घर उघडू, छावणीतून आलेल्यांसाठी, बागेचं, मोठ्या खिडक्यांचं. कोरीने खरंच ब्लूमेन्डालला तसं घर चालवलं, हार्लेमच्या शेजारीच आहे ते गाव.

बाहेर आल्यावर आम्ही एका कॅफेत बसलो (नाव घेत नाही, टोमॅटो सूप कोमट होतं आणि ब्रेड कालचा) आणि मी आईला म्हटलं बघ, दुःखातून माणूस कसा शिकतो. आई म्हणाली, "दुःख काही शिकवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. खडी फोडायला जायचो आम्ही, मी, माझी आई, तुझा थोरला मामा. सुकडी मिळायची, ती लाल मिलोची भाकरी, तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. आईने त्या भाकरीपुढे आम्हाला डोळे मिटायला लावले नाहीत असा एक दिवस नाही. मला राग यायचा. कशाचे आभार? पण रोज ऐकून ऐकून आपोआप तोंडात बसलं. मामा तीच खडी फोडत होता, तीच भाकरी खात होता, तो जन्मभर कडू राहिला. कामावर मुकादमाशी भांडण, घरी बायकोशी भांडण. दुष्काळ दोघांना तोच होता ना? मग दुष्काळाने शिकवलं असं कसं म्हणतेस? माझ्या आईने शिकवलं."

मी म्हटलं मग मामाला का नाही शिकवलं, ती पण तीच आई. तर म्हणाली, "ते मला माहीत नाही. तो शिकायला बसला नाही की त्याला जास्त लागलं होतं, देवाला ठाऊक. त्याची दुष्काळात एक लेक गेली." हे मला माहीतच नव्हतं. मामाला मी कायम चिडका म्हणून हसलेय.

मग तिने रमाबाईंचा विषय काढला, पंडिता रमाबाई, केडगावच्या. त्यांचेही आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपाशी गेले, भावंडं पायी पायी देशभर फिरली. आणि १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर याच बाई तिथे जाऊन मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आई म्हणाली की भुकेने मेलेल्यांच्या घरातली सगळीच माणसं अशी होत नाहीत. काही साठेबाज होतात, डबे भरून ठेवतात आणि कुणाला देत नाहीत. रमाबाईंना लहानपणी घरात काय मिळालं होतं ते बघ म्हणाली, बाप बायकोला संस्कृत शिकवणारा, त्यापायी गावाचा रोष घेणारा. मला यावर उलट बोलता आलं नाही. तेव्हा दिवाणखान्यातलं "हे सगळं युद्धाच्या आधीचं आहे" कशाबद्दल होतं ते मला कळलं.

पौलानेही फिलिप्पैकरांना हे कैदेत असताना लिहिलंय, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो. शिकलो म्हणतो, म्हणजे आधी येत नव्हतं. आणि बघा, कोरीही शिकलीच की, पण बेट्सी शेजारी होती म्हणून, एकटीला ते पिसवांचं वचन सुचलं नसतं. कास्परांची एक गोष्ट काकांनी सांगितली ती यातलीच. लहान कोरीला मरणाची भीती वाटायची, तर ते म्हणाले आपण ॲमस्टरडॅमला जातो तेव्हा मी तुला तिकीट कधी देतो? गाडीत चढायच्या जरा आधी. तसंच, लागेल तेव्हा बळ मिळेल, आधीपासून हातात घेऊन बसायला नको. कास्पर खरंच दर आठवड्याला ट्रेनने ॲमस्टरडॅमला जायचे, वेधशाळेच्या घड्याळावरून बिनचूक वेळ आणायला, आणि आम्ही त्याच मार्गाने आलो होतो, हे मात्र परतताना गाडीत बसल्यावर डोक्यात आलं.

एक गोष्ट नक्की सांगायचीये, कारण या घराबद्दल लिहिणारे बरेच जण तिथे घसरतात. ही गोष्ट घेऊन कुणाच्या आजारपणात जाऊ नका. केमो चाललेल्या माणसाच्या उशाशी उभं राहून "बेट्सीने पिसवांसाठी आभार मानले होते" म्हणणारे लोक मी बघितलेत, आणि त्या माणसाचा चेहराही बघितलाय. बेट्सी हे दुसऱ्याला सांगत नव्हती, ती त्याच पेंढ्यावर झोपत होती. ज्याच्या अंगाला पिसू चावत नाही त्याने प्रवचन देऊ नये, फार तर डबा घेऊन जावा. टूरमध्येही काकांनी कुणाला काही शिकवलं नाही, शेवटी छोटीशी प्रार्थनाही ज्यांना हवी त्यांनीच थांबा म्हणून वेगळी केली, आमच्या ग्रुपमधलं एक जोडपं श्रद्धाळू वगैरे नव्हतं, तेही आरामात होतं. त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना न्यायला हरकत नाही.

भरतकामाचं राहिलं. कोरी भाषणांत एक कापड दाखवायची, उलट्या बाजूने सगळे दोऱ्यांचे गुंते, पालटलं की मुकुट. ते बघून बऱ्याच बायकांचे डोळे भरून येतात. आईला मात्र ते फार पटलं नाही, म्हणाली सुंदर आहे पण जरा सोपं आहे, सगळ्यांना सरळ बाजू इथे दिसतेच असं नाही. टाके मात्र तिने अगदी जवळून बघितले आणि चांगले आहेत म्हणून पास केले.

आता कामाचं. लहान मुलं, सात-आठच्या पुढची, मस्त रमतात, कपाटातून सरपटायला मिळतं आणि बझरचा भाग त्यांना आवडतो, त्याहून लहानांना घरीच ठेवा, तासाच्या वर शांत बसायचं असतं. मोठी बॅग नको, जिन्यात अडकते. गुडघे दुखणाऱ्यांनी दिवाणखान्यातली गोष्ट ऐकून वरचे मजले सोडले तरी चालतील, अगदी खरं सांगते, सत्तर टक्के तिथेच मिळतं. आईने उतरताना शेवटचा जिना बसून, पायरी पायरीने उतरला आणि कुणी हसलं नाही. दुपारचा स्लॉट घ्या, म्हणजे आधी ग्रोटे मार्क्टवरचं सेंट बाव्हो चर्च बघून होईल, चालत दोन-चार मिनिटांवर आहे, त्यातला ऑर्गन दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ ला वाजवला होता. त्याचं तिकीट वेगळं.

आई नगरला गेल्यावर महिला मंडळात ही गोष्ट परत सांगणार आहे, पण या वेळी सुपरवायझर बाईचा भाग गाळून. प्रार्थनेपर्यंत सांगायची आणि बसायचं. मी म्हटलं बायका विचारतील ना, पुढे काय झालं. म्हणाली, "विचारू दे की. पुढच्या गुरुवारी सांगेन."